गुहेतील मग्दालिया
(उल्हासनगर कॅम्प ४ येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांचे नाव प्रास्ताविकात यथोचित आदराने घेतले गेलेच आहे. त्यांनी हयातभर शाळेतल्या मुलांच्या हाती पेन्सिल आणि ब्रश दिला, एवढ्याच दुव्याचा आधार घेऊन मी आजचा विषय निवडला, आणि विठ्ठलवाडी स्थानकापासून लालचक्कीपर्यंत अन् पलीकडे सुभाष टेकडीपर्यंत राहणाऱ्या मंडळींना तो प्रथमदर्शनी परका वाटेल हे गृहीत धरूनच निवडला. सतराव्या शतकातील युरोपात पश्चात्तापदग्ध संत स्त्रीची जी अगणित भक्तिचित्रे रेखाटली गेली, त्यांतलीच एक आकृती जहाजातून गोमंतकात उतरली आणि तिथल्या कारागिरांनी ती हस्तिदंतात कोरली. त्या आकृतीविषयी मला बोलायचे आहे. तिचे नाव मग्दालिया मरीया.

प्रथम रेखाचित्राचा तपशील सांगतो, कारण त्यावाचून पुढचे सगळे हवेत राहील. त्या काळातील इटलीत ज्याच्या रेखाटनांची ख्याती विशेष होती तो ग्वेर्चीनो (जन्म १५९१, मृत्यू १६६६) आणि त्याचे समकालीन चित्रकार ज्या रीतीने काम करीत ती रीत साधी होती: चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला जाडसर कागद, पिसाची लेखणी, मायफळ आणि हिराकस यांची शाई, आणि तीच शाई पाण्याने पातळ करून कुंचल्याने दिलेली छाया, कधी या सगळ्याऐवजी नुसता लाल खडू. ही शाई ताजी असताना काळी असते आणि कालांतराने तपकिरी होते, तेव्हा जुन्या रेखाटनांतील ज्या उबदार तपकिरी छटेची आपण मनःपूर्वक तारीफ करतो तिचे थोडे श्रेय चित्रकाराकडून काढून रसायनाकडे जमा करावे लागते. हिराकस अधिक झाला तर हीच शाई कागद खाते, आणि जिथे चित्रकाराने सर्वांत गडद सावली योजिली होती तिथेच चिरा पडतात.

कागदावर एक स्त्री असते. केस मोकळे, खांद्यावरून ओघळलेले. मान किंचित मागे झुकलेली, नजर वर. समोर कवटी, एखादा लाकडी क्रूस, सुगंधी तेलाची कुपी, क्वचित चाबकाची वादी. पाठीमागे खडकाचा आडोसा. रेषा भरभर गेलेली असते, आणि गालाचा अथवा दंडाचा उजळ भाग म्हणजे चित्रकाराने जिथे हात लावलाच नाही तो कोरा कागद असतो. तैलचित्रात हाच विषय आला की माझे मन साशंक होते. तिशियनने सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकात रंगविलेली, आज फ्लोरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात असलेली मग्दालिया पाहताना, तपश्चर्येचे निमित्त करून धनिकाच्या दालनात देहदर्शनाची सोय केली आहे असे ज्याला वाटत नाही त्याच्या भोळेपणाचा मला हेवा वाटतो. रेखाटनात ही लबाडी करायला फारसा वाव नाही. तिथे मांस नसते, हालचाल असते.

या स्त्रीने त्या शतकात एवढे ठाण का मांडले, याचे कारण धर्मकारणात आहे. प्रॉटेस्टंट सुधारकांनी पापनिवेदन आणि प्रायश्चित्त यांच्या विधीवरच घाव घातल्यावर रोमन चर्चने ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात जी परिषद भरविली, तिने १५५१ साली प्रायश्चित्ताचा संस्कार निःसंदिग्ध शब्दांत पुन्हा प्रस्थापित केला आणि १५६३ च्या डिसेंबरात धर्मचित्रांविषयीचा आपला ठराव मंजूर केला. त्यानंतर अश्रू ढाळणारा पेत्र आणि अश्रू ढाळणारी मग्दालिया ही जणू त्या ठरावाची अंमलबजावणी करणारी जोडी ठरली. इग्नेशियस लोयोलाने आपल्या साधनाग्रंथात ध्यानाच्या आरंभी ते स्थळ, ती माणसे मनःचक्षूंपुढे उभी करण्याचा जो पाठ सांगितला होता, आणि जो आपल्याकडील मानसपूजा करणाऱ्या माणसाला मुळीच अपरिचित वाटणार नाही, त्या पाठाला असे चित्र फार सोयीचे होते.

परंतु ज्या बाईला एवढा पश्चात्ताप करायला लावले, तिने केले काय होते? चारही शुभवर्तमाने वाचून पाहावीत. लूकच्या सातव्या अध्यायात एक अनामिक पापिणी येते, ती आसवांनी येशूचे पाय भिजवते आणि केसांनी पुसते. तिचे नाव कुठेही दिलेले नाही. आठव्या अध्यायात मग्दालिया मरीया येते. तिच्यातून सात भुते निघाली होती आणि ती आपल्या पैशाअडक्याने येशूची व शिष्यांची सेवा करीत असे, इतकेच तिथे म्हटले आहे. पुढे ती क्रूसापाशी असते, आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात उघड्या कबरीपाशी पुनरुत्थित येशूला प्रथम भेटते. वेश्या, व्यभिचारिणी, पतिता यांतले काहीही नाही. इ. स. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिला याने एका प्रवचनात ती अनामिक पापिणी, बेथानीची मरीया आणि ही मग्दालिया अशा तिघींची एकच स्त्री करून टाकली. पूर्वेकडील चर्चने हे एकीकरण कधीही मानले नाही, पण पश्चिमेत ते रूढ झाले. मग मध्ययुगीन कथाकारांनी तिला सुकाणूवाचून नावेत बसवून फ्रान्सच्या किनाऱ्याला लावले आणि तीस वर्षे गुहेत तपाला बसविले. तो गुहावास मूळचा मिसरच्या दुसऱ्याच एका मरीयेच्या चरित्रातून उसना घेतलेला होता. रोमनेच १९६९ साली पंचांगशुद्धी करताना ते जुने एकीकरण सोडून दिले, आणि २०१६ साली तिचा २२ जुलैचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या पंक्तीला नेऊन बसविला. फिर्याद खोटी होती हे मान्य व्हायला चौदाशे वर्षे लागली.

आता आपल्या मुलखाकडे येतो. अँटवर्प शहरात ताम्रपटांवर कोरून छापलेली धर्मचित्रे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेजुइट पाद्र्यांच्या सामानातून गोव्यात येऊ लागली. वजनाला हलकी, किमतीला स्वस्त, आणि भाषा न येणाऱ्यालाही समजणारी अशी ती वस्तू होती. १५८० साली गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचलेल्या पहिल्या जेजुइट मंडळाने बादशहाला नजर केलेले बायबल अँटवर्पच्या प्लांतँच्या छापखान्यातले होते, आणि त्यानंतर तिथल्या चितेऱ्यांनी युरोपीय छापचित्रांच्या नकला कशा आवडीने केल्या हे मोगल चित्रकलेच्या कोणत्याही अभ्यासकाला ठाऊक आहे.

नकल हा शब्द मी मुद्दामच या गावात उच्चारतो. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींना राजाजींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि सिंधमधून नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या निर्वासितांनी पाहतापाहता इथे असे काही कारखाने उभे केले की 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद सगळ्या मुंबई इलाख्यात पसरला. विनोद करणारे हसत राहिले. पण बाहेरचा नमुना समोर ठेवून, हाताशी असेल त्या मालात, आपल्या हत्यारांनी तो पुन्हा घडविताना कारागिराला किती ठिकाणी स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो हे कॅम्प चारमधल्या माणसाला सांगावे लागणार नाही. गोव्याच्या हस्तिदंत कोरणाऱ्याची स्थिती नेमकी अशीच होती.

त्याने घडविलेल्या ज्या मूर्तींविषयी मी बोलत आहे त्यांना 'उत्तम मेंढपाळ' या विषयाच्या मूर्ती म्हणतात. सतराव्या शतकात, मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सुळ्यांवर, गोव्यात त्या पुष्कळ कोरल्या गेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत त्या आज आहेत. उंची बहुधा वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक. माथ्यावर बालयेशू मेंढपाळाच्या वेषात बसलेला असतो: अंगात लोकरीचा आखूड अंगरखा, कमरेला पाण्याचा भोपळा, खांद्यावर एक कोकरू, मांडीवर दुसरे, पायांची तिढी घातलेली, डोळे मिटलेले, आणि गालाला लावलेली उजव्या हाताची बोटे. मेंढपाळ कळप राखतो आहे म्हणावे तर तो निजला आहे, निजला आहे म्हणावे तर ध्यानस्थ आहे. या मुद्रेत बुद्धमूर्तीची छाया अनेक अभ्यासकांना दिसली आहे, आणि ते मत मला ग्राह्य वाटते. त्याच्या खाली डोंगर टप्प्याटप्प्याने रुंदावत येतो. मधल्या टप्प्यावर जीवनाचा झरा, त्याच्यावर चोची टेकलेले पक्षी, कडेकपारींतून उतरणारी मेंढरे. आणि अगदी तळाशी, पायथ्याच्या खडकात कोरलेल्या एका लहानशा गुहेत, ही आपली मग्दालिया.

तिच्यापाशी थोडे थांबतो. ती बोटाच्या दोन पेरांएवढी असेल. ती आडवी, कुशीवर रेललेली आहे. एक हात डोक्याखाली घेतलेला. केस पाठीवर सोडलेले, पण कोरणाऱ्याने ते समांतर, नेटक्या रेघांनी काढले आहेत, जसे आपल्याकडच्या मूर्तीचे वस्त्राचे काठ काढतात. जवळ कवटी असते, कधी क्रूस. काही नगांत गुहेच्या दोन्ही अंगांना सिंह बसलेले असतात. आणि तिच्यासमोर पुस्तक उघडे आहे. वर पाहणे नाही, छाती पिटणे नाही, अश्रूंचा तर प्रश्नच नाही, कारण एवढ्या लहान चेहऱ्यावर अश्रू कोरता येत नाही. सुळ्याच्या त्या तोकड्या जागेत इटलीच्या रेखाटनातील सगळे आर्जव गळून गेले आहे, आणि मागे उरली आहे ती एकांतात, निवांतपणे, वाचीत पडलेली एक बाई.

रेलून वाचणाऱ्या मग्दालियेचा नमुना इटलीतूनच निघाला होता आणि छापचित्रांनी तो सर्वत्र नेला होता. गोव्याच्या कारागिराने तो शोधून काढला असे म्हणणे खोटे होईल. त्याचे कर्तृत्व जागेच्या निवडीत आहे. युरोपात जिचे स्वतंत्र चित्र होई, तिला गोव्यात संपूर्ण डोंगराच्या पायाशी ठेवले गेले, म्हणजे वरच्या निद्रिस्त बालकापासून झऱ्याच्या वाटेने खाली येणारी दृष्टी अखेर तिच्यापाशीच विसावते. आपल्या शेजारचे अंबरनाथचे शिवालय, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळचे, ज्यांनी पाहिले आहे त्यांना मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जाण्याचा अनुभव ठाऊक आहे. त्या देवळाचा आणि या मूर्तींचा काही संबंध आहे असे मी सुचवीत नाही. पवित्र स्थळ शिखरावर असावे तसेच खाली, खडकाच्या पोटातही असावे ही कल्पना पश्चिम किनाऱ्यावरच्या कारागिराला कोणी शिकविण्याची गरज नव्हती, एवढेच माझे म्हणणे.

हा कारागीर कोण होता? त्याचे नाव कोणत्याही मूर्तीवर नाही. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती देवमूर्ती आणि पूजेची उपकरणे ख्रिस्तेतर कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. मनाईहुकूम निघतो तो जी गोष्ट सर्रास चालू असते तिच्याचसाठी, या दफ्तरी न्यायाने पाहता, क्रूस आणि मरीया कोरणाऱ्या हातांपैकी कित्येक हात घरी गेल्यावर वेगळ्याच देवाला जोडले जात असले पाहिजेत.

ज्या शहरात या मूर्ती विकल्या जात, त्याच शहरात आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांसाठी काही संस्था उभ्या केल्या. सांता मोनिकाचा मठ १६०६ ते १६२७ या काळात बांधून झाला. आज त्याच्याच आवारात गोव्याचे ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. अनाथ मुलींसाठी एक आश्रयगृह झाले, आणि 'पश्चात्तापी' स्त्रियांसाठी दुसरे. या दुसऱ्याला नाव दिले गेले मग्दालियेचे. ज्या स्त्रीवरचा आरोप तिच्या हयातीत कोणी केला नव्हता, तिच्या नावाच्या दाराआड आता जिवंत बायका ठेवल्या जाऊ लागल्या. हस्तिदंताच्या गुहेला दार नसते. आश्रयगृहाला असते, आणि त्याची किल्ली आतल्या बाईकडे नसते.

आपल्या वाङ्मयात हिची बहीण शोधायला निघालेला माणूस बहुधा कान्होपात्रेकडे जातो, आणि मग एक घाईचा निष्कर्ष काढून मोकळा होतो. मंगळवेढ्याच्या शामा नायकिणीची ती मुलगी. महिपतीने 'भक्तविजया'त तिची कथा सांगितली, आणि १९३१ साली ना. वि. कुलकर्णी यांच्या नाटकातून बालगंधर्वांनी ती महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. पण कान्होपात्रा पश्चात्तापी नव्हे. तिने आईचा पेशा पत्करलाच नाही. वारकऱ्यांच्या मेळ्यातून पंढरीला गेली, आणि बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने विठ्ठलाकडे जे मागितले ते पापक्षालन नव्हते, संरक्षण होते. क्षमा मागायची तर ती बादशहाने, शामेने, आणि तिच्या सौंदर्याची वार्ता दरबारी पोचविणाऱ्यांनी मागायला हवी होती. देवळाच्या दक्षिण दाराशी तिला पुरले आणि तिथे तरटीचे झाड उगवले असे कथा सांगते. त्या झाडाला नमस्कार करून पुढे जाणाऱ्या आपल्या वारकरी समाजाने तिच्या नावाने पतितांचा वाडा उभारला नाही, याचे श्रेय आपण वारकऱ्यांना द्यावे. मात्र देवदासींच्या बाबतीत याच प्रांताची वागणूक आठवावी आणि ते श्रेय फार मिरवू नये.

मला मग्दालियेशी अधिक जवळचे नाते दिसते ते दुसऱ्याच एका स्त्रीचे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला, आणि अखेरीस गंगामूळच्या अरण्यात जाऊन बिऱ्हाड थाटले. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. अरण्यात, लोकवस्तीपासून दूर, पुस्तक घेऊन बसलेली स्त्री ही त्या घरात तपश्चर्येची प्रतिमा नव्हती, रोजची दिनचर्या होती. आई लक्ष्मीबाईंनीच मुलीला संस्कृत पढविले. पुढे पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, आणि त्यात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन नावाचा विभागही होता. म्हणजे गोव्याच्या आश्रयगृहाचीच ही पुनरावृत्ती झाली काय, असा आक्षेप कोणी घेतला तर मी तो उडवून लावणार नाही. शिस्तीचा काच तिथेही होता. परंतु एक फरक निर्णायक आहे. केडगावला बायका अक्षरे जुळवीत होत्या, छापखाना चालवीत होत्या. आणि रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून मुळावरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवीत होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. योहानाचा तो विसावा अध्याय, ज्यात मग्दालिया येशूला आधी माळी समजते आणि नावाने हाक मारल्यावर ओळखते, तो एका बाईने ग्रीक पोथी समोर ठेवून, कोणा प्रवचनकाराला मध्ये न घेता, मराठीत आणला. ज्या पुस्तकावर पुरुषांनी शतकानुशतके तिच्या वतीने टीका लिहिली ते पुस्तक अखेर वाचणारीच्या हातात पडले, आणि ही घटना पुणे जिल्ह्यात, रेल्वेच्या एका लहानशा स्थानकाजवळ घडली.

तेव्हा युरोपच्या त्या रेखाटनांविषयी माझे मत असे बनले आहे. रेषेचे कसब म्हणून ती अप्रतिम आहेत. ग्वेर्चीनोची लेखणी ज्या ठिकाणी कागदावरून उचलली जाते तिथेच पाहणाऱ्याचा श्वास अडतो, ही अतिशयोक्ती नव्हे. परंतु त्यांतली पश्चात्तापाची कथा ही एका चुकीच्या प्रवचनाची संतती आहे, आणि त्या कथेवर विसंबून माणसांनी खऱ्या स्त्रियांचा जो बंदोबस्त केला तो त्या रेषेच्या सौंदर्याने धुऊन निघत नाही. गोव्याचा नाव नसलेला कारागीर, छापचित्रावरून कोरीत असताना, जागा अपुरी पडली म्हणून असो वा त्याच्या हाताचा कल तसा होता म्हणून असो, शुभवर्तमानातल्या मरीयेच्या अधिक जवळ गेला. कवटी त्यानेही ठेवली, पण त्याची मग्दालिया वाचते आहे.

एक मागणे मांडून मी थांबतो. या मूर्ती ज्या काळात आणि ज्या मुलखात घडल्या, त्याच काळात, त्याच मुलखात, इंग्रज जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यात निघाली. ती, आणि पंडिता रमाबाईंचे भाषांतर, ही दोन पुस्तके कॅम्प चारच्या वाचनालयात असावीत. व्याख्यात्याला द्यावयाच्या मानधनातून ती खरेदी करावीत अशी माझी चालकांना विनंती आहे, आणि कपाटात कुलपाआड न ठेवता ती टेबलावर ठेवावीत.